भुसावळचं ऊन आणि रोमचं ऊन

संपादक साहेब, स.न.वि.वि.,

आपल्या खान्देशातून जूनमध्ये युरोप टूरला जाणारे बरेच असतात, आणि निघताना सगळ्यांचं एकच, आम्ही भुसावळचे, ४५ डिग्री काढलेली माणसं, तिथलं ३५ काय करणार. अहो करतं! इथे आपण बारानंतर कूलर लावून घरात पडतो, तिथे नेमके त्याच वेळी कोलोसियमच्या लाइनीत तापलेल्या दगडावर उभे असतो, सावली नाही, पुढेमागे नुसती गर्दी, आणि सूर्य मावळतो रात्री पावणेनऊला. काही जुन्या हॉटेलांत एसी सोडा, पंखा पण नसतो. २००३ च्या उष्णतेच्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार माणसं गेली, त्यात म्हातारेच जास्त, नि आपल्या ग्रुपमध्ये अर्धे रिटायर्डच असतात ना.

रोममध्ये पाण्याची बाटली विकत घेत बसू नका. रस्तोरस्ती 'नासोनी' म्हणजे लोखंडी नळ आहेत, १८७४ पासूनचे, प्यायचं गार पाणी फुकट वाहत असतं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक भोकातून धार उडते, थेट तोंड लावायचं. डोक्याला आपला रुमाल ओला करून बांधायचा, लोक बघतात, बघू द्या. चर्चमध्ये मस्त गार असतं, फक्त खांदे-गुडघे झाकलेले पाहिजेत.

आणि टूरवाल्यांनी एकदा सांगावं, सकाळचा पहिला स्लॉट का बुक करत नाही? नाश्ता आरामात, बस साडेनऊला, मग भर दुपारी लाइन. पैसे तर पूर्ण घेता.

- एक वाचक, भुसावळ