विरंगुळा केंद्रातल्या काका-काकूंचे मनापासून आभार

आई गेल्यापासून बाबा नागपूरला एकटेच असतात आणि मी पुण्यात, रोज सकाळी धरमपेठेतल्या विरंगुळा केंद्रात कॅरम खेळायला जातात तेवढाच त्यांचा आधार. मागच्या आठवड्यात शुगरची गोळी घेतली अन् नाश्ता न करताच निघाले. डाव सुरू असताना एवढ्या थंडीत त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, बोलणं असंबद्ध. कोणी म्हणालं झोपवा, कोणी म्हणालं बीपी असेल, पण एका काकूंनी पटकन पर्समधलं ग्लुकोमीटर काढलं, शुगर 54! म्हणजे 70 च्या किमान पातळीपेक्षा बरीच खाली. बाबा शुद्धीवर होते, गिळता येत होतं म्हणून तीन चमचे साखर पाण्यात घोळून पाजली, 15 मिनिटांनी परत तपासली, वर आल्यावरच पोहे खाऊ घातले. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीच घालायचं नसतं हेही त्यांनीच सगळ्यांना सांगितलं.

बाबांचा शर्ट ओलाचिंब झाला होता, त्यांना फार ओशाळल्यासारखं झालं. तर एका काकांनी सगळ्यांना बाहेर व्हरांड्यात पाठवलं, स्वतःचा शर्ट काढून बाबांना घातला, अन् स्वतः नुसत्या स्वेटरवर ई-रिक्षाने त्यांना डॉक्टरकडे नेलं. मला फोन केला तोही बाबांना बरं वाटल्यावर, म्हणजे मी घाबरू नये. आता रोज सकाळी "नाश्ता झाला का हो?" असा फोन जातो त्यांना.

काका-काकू, तुमची नावंसुद्धा माहीत नाहीत मला, पण खूप खूप आभार. शनिवारी येतोय, काकांचा शर्ट इस्त्री करून आणतो, त्या दिवशीचे तर्री-पोहे माझ्याकडून.