राजवाड्याच्या रेषा जुळवून देणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,

सादर नमस्कार. आमच्या संगणकीय खेळातला इंदूरचा राजवाडा आता खालच्या दगडी मजल्यांपासून वरच्या लाकडी सज्जांपर्यंत स्वच्छ काळ्या रेषांत उभा आहे. त्या दिवशी तोंडी आभार मानले खरे, पण तेवढ्याने समाधान झाले नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

तुमच्याकडे येण्यापूर्वी, ज्या प्रशिक्षण संस्थेत मी पूर्ण शुल्क भरले होते, तिथे सल्ला मिळाला तो एवढाच, की बाह्यरेषेसाठी त्रिमितीय मॉडेलची एक प्रत थोडी फुगवून काळी करावी आणि तिचे कॅमेऱ्याकडे तोंड असलेले पृष्ठभाग गाळावेत. गोलसर पात्रांना ही युक्ती शोभते. काटकोनी इमारतीत मात्र फुगवलेली प्रत कोपऱ्यांवर उसवते आणि रेषेला खिंडारे पडतात. हे दाखवल्यावर उत्तर आले, "एवढं कोण बघतं?" (इंदूरकर बघतात!)

तुम्ही आधी सगळे रंग बंद करायला लावलेत आणि डेप्थ बफर, म्हणजे प्रत्येक पिक्सेलमागची वस्तू कॅमेऱ्यापासून किती दूर आहे याची नोंद, करड्या छटांत पडद्यावर आणवलात. शेजारच्या पिक्सेलांची खोली एकदम बदलली की शेडर (पिक्सेलांचे रंग ठरवणारा छोटा प्रोग्रॅम) तिथे कडा मानतो, हे मी वाचले होते. पण चौकातली फरशी काळीकुट्ट का होते, ते त्या चित्रातच उमगले. तिरक्या नजरेने पाहिलेल्या सपाट जमिनीवरही पिक्सेलागणिक खोली भराभर वाढते आणि बिचारा शेडर जागोजागी कडा समजून बसतो. म्हणून नजर जितकी तिरकी, तितका थ्रेशोल्ड, म्हणजे कडा मानायला लागणारा किमान फरक, वर न्यायचा. भिंतींच्या कोपऱ्यांत नेमके उलटे असते. तिथे खोली जवळपास सारखीच राहते, पण नॉर्मलची, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात असलेल्या रेषेची, दिशा वळते, आणि म्हणून दोन्ही तपासण्या लागतात. लॉरेन्स रॉबर्ट्स यांची कडा शोधण्याची १९६३ची पद्धत, म्हणजे चार पिक्सेलांतल्या समोरासमोरच्या तिरप्या जोड्यांची वजाबाकी, माझ्या साध्या लॅपटॉपलाही झेपते, हे तुम्ही किती कौतुकाने सांगितलेत!

परंतु मला सर्वांत मोलाचे वाटले ते हे, की तुम्ही माऊस एकदाही मागितला नाहीत. संस्थेत शंका विचारली की कीबोर्ड ओढून घेतला जाई, बोटे सरसर चालत आणि "झालं" म्हणून मंडळी उठत. तुम्ही खुर्ची मागे घेतलीत आणि योग्य ओळ मला सापडेपर्यंत शांत बसून राहिलात. जाणकार माणसे आपल्या शहरात पुष्कळ आहेत. समोरच्याला त्याच्या गतीने समजू देण्याइतकी सभ्यता ज्यांच्यापाशी असते, ती फार थोडी.

सध्या दूरच्या खिडक्यांच्या नक्षीत रेषा दाटतात; अंतरानुसार त्या फिकट करण्याचे काम मी हाती घेतले आहे.

आपली कृतज्ञ,
एक इंदूरकर विद्यार्थिनी