जिवाणू खते विकली जातात, पण जगतात का?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

खरीप तोंडावर आला की आपल्या जिल्ह्यातील कृषी सेवा केंद्रांत युरिया आणि डीएपीच्या पोत्यांशेजारी जिवाणू खतांचे, म्हणजे पिकाला अन्नद्रव्ये मिळवून देणाऱ्या जिवंत जिवाणूंचे, पुडे व बाटल्या मांडल्या जातात. त्यांचा खप वाढतो आहे ही गोष्ट स्वागतार्ह आहे. मात्र सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या भागांत ही खते ज्या रीतीने साठवली आणि वापरली जातात ते पाहता, मुळांजवळचे जिवाणू नेमके काय करतात आणि कशावर जगतात, याची चर्चा आपल्या दैनिकातून व्हावी, असे वाटते.

मुळांना लगटून असलेल्या जेमतेम काही मिलिमीटर मातीकडे जर्मन शास्त्रज्ञ लॉरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ साली लक्ष वेधले आणि त्या थराला रायझोस्फिअर हे नाव दिले. पानांत तयार झालेल्या अन्नाचा काही हिस्सा झाड मुळांवाटे साखर, अमिनो आम्ले व सेंद्रिय आम्लांच्या रूपाने मातीत सोडते आणि त्यावर पोसल्या जाणाऱ्या जिवाणूंची व बुरशींची संख्या तेथे आजूबाजूच्या मातीच्या कितीतरी पट असते. यातले काही हवेतील नत्र स्थिर करतात, काही स्फुरद विरघळवतात, काही मुळांची वाढ करणारी संप्रेरके तयार करतात, तर काही रोगकारक बुरशींना जागा आणि अन्न मिळू देत नाहीत. आपण ज्याला ‘पांढरी मुळी चालणे’ म्हणतो, त्यामागे पाणी आणि खत यांच्याइतकाच या सजीवांचाही वाटा असतो.

सोलापूरच्या मातीत हा प्रश्न अधिक टोकदार आहे. आपल्या बऱ्याच जमिनी विम्लधर्मी व चुनखडीयुक्त आहेत. त्यांत दिलेल्या स्फुरदाचा मोठा भाग कॅल्शियमशी बांधला जाऊन पिकाच्या हाती लागत नाही. स्फुरद विरघळवणारे जिवाणू आम्ले सोडून तो काही प्रमाणात मोकळा करतात हे खरे. पण चुना फार असेल तर तीच आम्ले त्यात जिरून जातात, त्यामुळे बाटलीवरचे दावे प्रत्येक शेतात तसेच उतरतील असे नाही. मायकोरायझा बुरशीचे काम वेगळे आहे. तिचे तंतू मुळांच्या आवाक्यापलीकडच्या मातीतून स्फुरद आणि जस्त आणून देतात. मात्र विद्राव्य स्फुरदाचा मारा झाला की झाड या बुरशीला पोसणे कमी करते, ही गोष्ट दर हंगामाला डीएपीचा डोस वाढवणाऱ्यांना सहसा कोणी सांगत नाही.

तूर आणि हरभऱ्याच्या बाबतीतही माहितीअभावी हेच घडते. दोन्ही पिकांना चालणारे रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र स्थिर करणारे जिवाणू) वेगवेगळे असते, तरी दुकानात ‘रायझोबियम द्या’ एवढेच सांगून पुडा घेतला जातो. मुळांवरची गाठ कापून पाहावी: आत गुलाबी रंग असेल तर ती नत्र स्थिर करते आहे, ती आतून पांढरी किंवा हिरवट असेल तर ती कामाची नाही. वर भरपूर युरिया टाकला तर गाठी मुळातच कमी धरतात.

डाळिंबातील मर रोगाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण बागायतदाराचा सर्वांत जास्त पैसा येथेच वाया जातो. सेराटोसिस्टिस ही बुरशी बहुधा मुळांच्या जखमांतून शिरते आणि सूत्रकृमी व खोडाला छिद्रे पाडणारे भुंगेरे तिला मदत करतात. ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) मुळांभोवती आधीपासून वसलेला असेल तरच उपयोगी पडतो. झाड पिवळे पडल्यावर ट्रायकोडर्माची आळवणी करून (त्याचे द्रावण मुळांशी ओतून) ते वाचत नाही. त्यातही कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी करून लगेच ट्रायकोडर्मा सोडला, तर आपणच आणलेली बुरशी आपणच मारतो.

यापुढचा मुद्दा साठवणुकीचा. जिवाणू खते २००६ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आहेत आणि बहुतेक जिवाणू खतांच्या भुकटीत दर ग्रॅमला किमान ५ कोटी, तर द्रवरूप खतात दर मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत पेशी असाव्यात, असा दंडक आहे. सोलापूरचा पारा उन्हाळ्यात ४० अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या गोदामात त्याहून जास्त. अशा ठिकाणी पडून राहिलेल्या पुड्यात विक्रीच्या दिवशी किती पेशी जिवंत असतील, हे खोक्यावरच्या मुदतीवरून कळत नाही. (दुकानदाराला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही; शीतकपाट ठेवण्याची सक्ती त्याच्यावर कोणी केलेली नाही.)

शिवाय चांगला पुडा मिळाला तरी तो टाकायचा कुठे? मृदा आरोग्य पत्रिकेतील बारा घटकांत मातीतील सजीवांची मोजणी नाही. त्यांच्या अन्नाचा अंदाज फक्त सेंद्रिय कर्बावरून येतो आणि तो आपल्याकडील अनेक शेतांत अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. उसाचे पाचट पेटवून देऊन त्याच जमिनीत विकतचे जिवाणू सोडणे म्हणजे पाहुण्यांना जेवायला बोलावून चूल विझवण्यासारखे आहे. पाचट कुजवून, शेणखत घालून आणि मूग, उडीद, ताग यांसारखी पिके फेरपालटात आणूनच हा कर्ब वाढेल, आणि त्याला काही वर्षे लागतील.

कृषी विभागाने एप्रिल ते जून या काळात कारखान्यातून नव्हे तर विक्रेत्याच्या फळीवरून जिवाणू खतांचे नमुने घ्यावेत आणि जिवंत पेशींचे निकाल तालुकानिहाय जाहीर करावेत, अशी मागणी आहे. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने मर रोगाबाबत, कोणते बुरशीनाशक आणि जैविक औषध यांत किती अंतर ठेवावे, याचे एकपानी मराठी वेळापत्रक दिल्यास बागायतदारांची मोठी सोय होईल. आपल्या दैनिकाने बहार धरण्याच्या आधी ते शेतीच्या पानावर छापावे, ही विनंती.

आपला,
एक डाळिंब बागायतदार,
सांगोला, जि. सोलापूर