किनाऱ्याला अधिसूचना नव्हे, कायदा हवा

महोदय,

किनारा नियमन क्षेत्राची (सीआरझेड) पहिली अधिसूचना १९९१ मध्ये पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली निघाली आणि पुढे २०११ व २०१९ मध्ये तिची जागा नव्या अधिसूचनांनी घेतली. अधिसूचना बदलण्यासाठी संसदेत विधेयक आणावे लागत नाही, हीच खरी मेख आहे. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत असलेले ना-विकास क्षेत्र, म्हणजे नव्या बांधकामाला मनाई असलेला पट्टा, दाट वस्तीच्या भागांत ५० मीटरवर आणण्याची तरतूद २०१९ मध्ये अशीच झाली. समुद्र आत येत असताना बांधकामांनी त्याच्याकडे सरकावे, हा न्याय अजबच म्हणायचा.

उत्तनसारख्या गावात बोंबील ज्या वलांडींवर, म्हणजे बांबूच्या मांडवांवर, वाळतात, त्यांच्याखालची मोकळी जागा कोळ्यांना घराइतकीच मोलाची असते. मात्र अनेक ठिकाणी ती त्यांच्या नावावर नसते आणि पावसाळ्यात वलांडी उतरवल्यावर पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला ती निव्वळ पडीक वाटते. वननिवासींना २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क दिले, मच्छीमारांना तसा कायदा अद्याप नाही. वाळवणीच्या व होड्या लावण्याच्या जागा, तसेच माशांची पिल्ले जिथे वाढतात ती कांदळवने, यांना एकत्रित संरक्षण देणाऱ्या विधेयकाचा आग्रह राज्यातील खासदारांनी धरावा. तोपर्यंत किनारा आराखड्यांच्या जनसुनावण्या तरी मासेमारीबंदीच्या काळात, मराठी नकाशांसह, गावातच घ्याव्यात.

– एक वाचक, वसई