बेदाणा आमचा, नाव दुसऱ्या गावाचं

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी कर्नाटकातल्या अथणी तालुक्यातली, घरची सहा एकर द्राक्षबाग आहे, पंचवीस वर्षं झाली माझा दिवस बागेत नाहीतर बेदाण्याच्या शेडवर जातो. गेल्या सप्टेंबरात लेक-जावयानं आम्हा दोघांना पोर्तुगालला नेलं आणि तिथल्या दौरो नदीवर सात रात्रीची क्रूझ केली. पोर्तो शहरातून बोट निघते, वाईनच्या द्राक्षाच्या डोंगरातून वर स्पेनच्या हद्दीपर्यंत जाते आणि परत येते. आल्यापासून जो तो विचारतोय, खर्च किती आला, तिथं प्यायला काय दिलं. आमचं माळकरी घर, मी थेंब पण घेतलेला नाही, पण तिथल्या वाईनच्या नावाचं जे बघून आले ते आपल्या बेदाण्याच्या पण कामाचं आहे, आपल्या भागातल्या बागायतदारांना कळावं असं फार वाटतंय म्हणून लिहिते.

बोट म्हणजे तीन मजली हॉटेलच, रूमला काचेची भिंत, सकाळी पडदा सारला की समोर डोंगर. रात्री बोट चालत नाही, बांधून ठेवतात, त्यामुळं सगळा काठ दिवसाउजेडी बघायला मिळतो. जेवणाचं आधी कळवलं होतं म्हणून काही अडचण आली नाही, त्यांच्या कोबीच्या जातीच्या पाल्याचं सूप आम्हाला मांस न घालता वेगळं करून द्यायचे.

बोटीच्या वाटेवर नदीला पाच धरणं आहेत आणि प्रत्येकाला बोटी चढवायचं लॉक आहे. कारापातेलोचं लॉक तर 35 मीटर उंच. बोट त्या सिमेंटच्या हौदात शिरली की दोन्ही बाजूला वीतभर जागा राहते, ओली शेवाळलेली भिंत, मी हात लावून बघितला तर बर्फासारखी गार, मागचं दार बंद होतं, खालून पाणी भरत जातं आणि एवढी मोठी बोट आवाज न करता वर वर येते आणि एकदम डोक्यावर ऊन. हे दोन्ही वेळा कठड्याला धरून उभे होते, आपल्या कॅनॉलला पाणी सोडताना जसे उभे असतात तसेच. ही धरणं व्हायच्या आधी नदीला नुसते खडक आणि धबधबे होते आणि त्यातून राबेलो नावाच्या लाकडी होड्यांतून वाईनची पिंपं खाली पोर्तोला यायची, कितीतरी होड्या फुटल्या, माणसं गेली. आणि बघा, पिंपाला तिथं 'पिपा' म्हणतात! आपला पिंप शब्द गोव्यावरून तिकडूनच आलेला. चावी, साबण, बादली, पगार, सगळे त्यांचेच. गाईड बोलायला लागली की मधेच एखादा शब्द घरचा वाटायचा.

पाऊस पण आपल्यासारखाच. समुद्राकडचे ढग मराओ नावाचा डोंगर अडवतो, अलीकडं हिरवंगार आणि पलीकडं द्राक्षाच्या भागात कोरडं. आपल्या जिल्ह्यात कणकुंबी-जांबोटीला छत्री मिटत नाही आणि आम्ही तेलसंगच्या बाजूला टँकर बघत बसतो, तसंच. जमीन म्हणजे नुसता पाटीसारखा दगड, फोडून त्याचेच बांध घालून पायऱ्या केल्यात, वेलीची मुळं त्या दगडाच्या फटीतून खोल उतरतात. आपण एप्रिल आणि ऑक्टोबर दोन छाटण्या घेतो, तिथं हिवाळ्यात वेल झोपते म्हणून एकच. मध्ये मध्ये ओसाड पायऱ्या दिसतात, 1860 नंतर फिलोक्सेरा किडीनं मुळं खाल्ली तेव्हा सोडून दिलेल्या बागा, कुठं कुठं ऑलिव्ह लावलेत. ते बघून मला करप्यानं गेलेली आमची 2009 ची बाग आठवली, पोटात कालवलं.

पिन्यांव गावाला उतरून एका बागेत गेलो, तोडणी चालू होती. उतार इतका की मशीन चालत नाही, सगळं हातानं, कात्री आणि टोपल्या. एका बाईनं घड तोडून माझ्या हातावर ठेवला. मणी करवंदाएवढा, जाड सालीचा, दोन बिया, काळाकुट्ट, आमच्या सोनाका जातीच्या द्राक्षापुढं कोण बघणार नाही असा, पण गोडी अशी की ओठ चिकटले. तिच्या बोटाला काळे डाग आणि कात्रीचा घट्टा, माझ्या बोटाला पण तिथंच आहे, मी दाखवला तर तिनं माझा हात धरूनच ठेवला. भाषा कुठं येत होती दोघींना.

आता मुद्द्याचं. तिथल्या वाईनला पोर्ट वाईन हे नाव पोर्तो शहरावरून पडलं, म्हणजे जिथून माल जहाजात चढायचा त्या शहरावरून. द्राक्ष पिकतं नदीनं शंभरेक किलोमीटर वर. 1756 साली तिथल्या पोंबाल नावाच्या मंत्र्यानं ठरवलं की अमुक हद्दीतल्याच द्राक्षाची ती वाईन, बाहेरची भेसळ चालायची नाही, आणि हद्दीवर ग्रॅनाइटचे कोरलेले दगड रोवले, त्यातले काही अजून उभे आहेत, आम्हाला एक दाखवला. एवढं होऊनसुद्धा शेतकऱ्याचं नाव बाटलीवर नव्हतं, कारण एक्सपोर्टचा माल नदीच्या तोंडाशी गाया गावातल्या व्यापाऱ्यांच्या कोठारातूनच जायचा असा कायदा होता. तो 1986 ला बदलला तेव्हा वरचा लहान बागायतदार स्वतः बाटली भरून स्वतःच्या नावानं परदेशात पाठवायला लागला. आम्ही गेलो त्या बागेच्या आजोबांनी हे सांगताना बाटलीवरच्या आडनावावरून अंगठा फिरवला. मला तिथंच रडू आलं.

कारण साहेब, आमचं काय होतं? चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा. डिपिंग करायचं म्हणजे द्राक्ष द्रावणात बुडवायचं, जाळीवर पसरायचं, पंधरा दिवस ढग आला की जीव मुठीत, बायका बसून काड्या वेचतात, मग 15 किलोचे बॉक्स भरून राज्याच्या हद्दीपलीकडं मार्केटला. दोन वर्षांमागं एका मार्केटला आमच्या सौद्यात व्यापाऱ्यांनी मुठी मुठी भरून माल हातात घेतला आणि बघून खाली फेकला, पायाखाली आमचा बेदाणा तुडवला गेला आणि वर तूट पण आमच्याच हिशोबाच्या पट्टीत धरली. तिथून तो बेदाणा ज्या बॉक्सात जातो त्याच्यावर अथणी हा शब्द मी आजवर बघितलेला नाही. सांगलीच्या बेदाण्याला 2016 ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलं झालं, तिथले बागायतदार आमचे पाव्हणेच आहेत, माझं माहेर जत तालुक्यातलं. पण वेल तीच, जमीन तीच, शेडवरच्या बायका पण त्याच, मग मधे राज्याची हद्द आली म्हणून आमच्या मालाला गाव नसावं का? सीमाभागातल्या माणसाला हे दुखणं नवं नाही, पण निदान पिकाच्या बाबतीत तरी ह्यावर काम करता येण्यासारखं आहे.

माझी मागणी साधी आहे. अथणी तालुक्यातल्या बागायतदारांनी गट करून आपल्या बेदाण्याच्या नावासाठी जीआयचा अर्ज तयार करावा, बागायत खात्यानं त्यात कागदाची मदत करावी, अर्जाची माहिती कन्नड आणि मराठी दोन्हीत मिळावी कारण आमच्या गटात दोन्ही भाषेचे शेतकरी आहेत, आणि सौदा तालुक्यातच व्हावा, कोल्ड स्टोरेजसकट. माल आमच्याच गावात राहिला तर भाव पडला म्हणून त्याच दिवशी विकायची पाळी येणार नाही.

गोडी छाटणी ऑक्टोबरात, बेदाणा मार्चपासून उतरायला लागेल. त्याच्या आत पहिली बैठक व्हायला पाहिजे, जागा आमच्या शेडवर देते, दोनशे माणूस बसेल, चहा-पाण्याचं आम्ही बघतो. हे पत्र छापलंत तर त्याची कात्रणं मी गावोगावच्या शेती औषधाच्या दुकानात लावणार आहे.

आपली नम्र,
एक द्राक्ष बागायतदार, ता. अथणी, जि. बेळगाव