वहिवाटीचा दस्त नीट करून देणाऱ्या नानांस

आदरणीय नाना,

सादर नमस्कार.

हे पत्र मी तुमच्या हातात देऊ शकलो असतो, कारण चोपड्याला माझे येणे आठवड्यातून दोनदा होतेच. परंतु आभार मानायला लागलो की तुम्ही चहा मागवता आणि चहा येईपर्यंत पुढच्या पक्षकाराचा कागद वाचू लागता, म्हणून जे बोलू दिले नाहीत ते चारचौघांसमोर लिहीत आहे. शेजारच्या आबांच्या शेतातून ये-जा करण्याचा आमचा नोंदणीकृत वहिवाटीचा हक्क बदलून घेण्याचे काम तुमच्यामुळे पार पडले, आणि ते पार पडताना आबांशी असलेले बोलणेचालणेही शाबूत राहिले.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्या मते काम अर्ध्या तासाचे होते. आजोबांनी १९७१ साली आबांच्या वडिलांकडून मागचे शेत विकत घेतले, त्या खरेदीखतातच पूर्वेच्या बांधाने आठ फूट रुंदीचा रस्ता आणि विहिरीपासून पाटाने पाणी नेण्याचा हक्क लिहिलेला होता. आता आठ फुटांतून केळीचा ट्रॅक्टर नीट निघत नाही, आणि कटाईच्या वेळी मजुरांना घड खांद्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत चालावे लागते. पाट तर केव्हाच बुजला असून त्याच्या जागी जमिनीखालून पाइप गेलेला आहे. आबांना पूर्वेच्या बांधालगत गोठा बांधायचा होता, त्यामुळे रस्ता पश्चिमेच्या बांधाने गेला तर त्यांनाही हवेच होते. आमचे बोलणे झालेले होते. स्टँप पेपरवर चार ओळी लिहून नोटरी करावी, एवढेच मी तुम्हाला सांगत होतो. त्यावर तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, “पहिले कागद दखाडा, मंग रस्ता दखाडा.”

कागद आमच्याकडे नव्हता. १९७१च्या दस्ताची हस्तलिखित नक्कल तुम्हीच नोंदणी कार्यालयातल्या मालमत्तांच्या सूचीवरून, म्हणजे सूची क्रमांक दोनवरून, शोधून काढलीत, आणि तिची झेरॉक्स समोर ठेवून एकेक शब्दावर बोट ठेवत गेलात. “बैलगाडी, गुरेढोरे व पायी” असे तिथे लिहिलेले होते. ट्रॅक्टर त्यात बसतो असे मी म्हणालो. दुसऱ्याच्या जमिनीवरच्या वाटेपाण्यासारख्या हक्कांचा जो १८८२चा सुविधाधिकार कायदा आहे, त्याचे कलम २८ तुम्ही मला वाचून दाखवलेत, ज्यात एका प्रकारच्या वहिवाटीच्या हक्कात दुसऱ्या प्रकारची वहिवाट येत नाही असे स्पष्ट म्हटलेले आहे, आणि वर एवढेच म्हणालात की ट्रॅक्टर म्हणजे नवी बैलगाडीच की वेगळा प्रकार यावर दोन वकील दोन्ही बाजूंनी दिवसभर बोलू शकतील, तेव्हा ते बोलणे आत्ताच कागदावर संपवावे. त्यानंतर वाचलेले कलम तर मला अगदीच अनपेक्षित होते. हक्क असलेल्याला तो उपभोगण्याची रीत आणि जागा बदलता येते, मात्र दुसऱ्याच्या जमिनीवर जास्तीचा भार पडता कामा नये, असे कलम २३ सांगते. पण त्याच कलमाच्या अपवादात रस्त्याच्या हक्काला ही मोकळीक नाही, भार वाढत नसला तरी रस्त्याची आखणी आपल्या मर्जीने बदलता येत नाही.

नोटरीचा कागद का चालणार नाही, हेही त्याच बैठकीत मला उमगले. नोंदणी कायद्याच्या व्याख्येत वाटेचा हक्क हा स्थावर मालमत्तेतच मोडतो. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीचा असा हक्क निर्माण करणारा, मर्यादित करणारा किंवा संपवणारा लेख १९०८च्या त्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोंदवावाच लागतो, आणि नोंदवला नाही तर कलम ४९ मुळे त्या मालमत्तेपुरता तो निष्प्रभ ठरतो. शिवाय नोंदलेल्या दस्तातील अटी पुढे तोंडी ठरावाने बदलल्या असे न्यायालयात सिद्धही करू दिले जात नाही. म्हणजे आबा आणि मी बांधावर बसून जे ठरवले होते ते आमच्या हयातीत चालले असते; आमच्या मुलांपुढे मात्र १९७१चाच दस्त उभा राहिला असता.

यानंतर मी चूक दुरुस्ती पत्राचा आग्रह धरला, कारण ते लवकर होते असे ऐकले होते. तुम्ही मला जरा रागावलात, आणि ते योग्यच होते. जुन्या दस्तात सर्व्हे नंबर आहे आणि आज सातबाऱ्यावर गट नंबर आहे, तो मेळ घालणे ही दुरुस्ती झाली. आठाचे बारा फूट करणे आणि पूर्वेचा रस्ता पश्चिमेला नेणे ही दुरुस्ती नव्हे, कारण १९७१ साली लिहिणाऱ्याची काहीच चूक झालेली नव्हती. नातेवाइकांपैकी एकाने मामलेदार न्यायालय कायद्याखाली अर्ज करण्याचा सल्ला दिला होता, तोही तुम्ही बाजूला ठेवलात. तो कायदा अडवलेला रस्ता मोकळा करून देण्यासाठी आहे आणि आमचा रस्ता कोणी अडवलेलाच नव्हता. पट्टीच विकत घेऊ का, या माझ्या प्रश्नाला तर शेतजमिनीचे लहान तुकडे विकायला आळा घालणारा त्या वेळचा तुकडेबंदीचा कायदा एका वाक्यात पुरेसा ठरला.

खरे आभार मानायचे आहेत ते मसुद्याबद्दल. आजवर पाहिलेल्या प्रत्येक दस्तात एक लिहून देणार असतो आणि एक लिहून घेणार. तुम्ही आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलेत की या लेखात प्रत्येकजण दोन्ही आहे: पूर्वेचा हक्क सोडण्यापुरता मी लिहून देणार, आणि पश्चिमेचा नवा हक्क देण्यापुरते आबा. मी तुमचा पक्षकार होतो, तरीही आबांच्या बाजूचे प्रश्न तुम्हीच विचारलेत. पाइप फुटला तर दुरुस्तीसाठी खोदायला मी आत येणार, मग उभ्या पिकाचे काय? खोदल्यावर जमीन पूर्ववत कोण करणार? सुविधाधिकार कायद्यातही पाइप दुरुस्त करणाऱ्याने जमीन पूर्वस्थितीत आणून द्यावी असे उदाहरण दिलेले आहे, पण तुम्ही ते दस्तात आमच्या भाषेत उतरवलेत, आणि पीक उभे असेल तर आधी आबांना कळवावे ही ओळ आपणहून घातलीत. माझ्या बाजूचीही एक ओळ मला सुचली नव्हती. जुन्या रस्त्यावरचा हक्क सह्या झाल्याबरोबर न संपता, नव्या रस्त्यावर मुरूम पडून त्यावरून ट्रॅक्टर गेल्यावरच संपेल, असे तुम्ही लिहिलेत. त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला आणि मुरूम पडायला दीड महिना उशीर झाला, तेव्हा त्या एका ओळीमुळे मी कोणाच्याही मेहेरबानीशिवाय जुन्याच वाटेने शेतात जात राहिलो.

तुम्ही या वयात शेतावर आलात, हे घरातले सगळे अजून सांगतात. टेपचे एक टोक माझ्या मुलाच्या हातात देऊन तुम्ही पश्चिमेचा बांध वरपासून खालपर्यंत चाललात, आणि मधल्या निंबाच्या झाडापाशी थांबलात. तिथे बारा फूट भरत नव्हते, साडेदहाच भरत होते. मी म्हणालो, निंब तोडू. आबा काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरलेला तुम्ही पाहिलात आणि मी पाहिला नाही. “निंबाच्या झाडापाशी पंधरा फूट लांबीपुरती रुंदी साडेदहा फूट राहील व झाड आहे तसे राहील,” हे वाक्य तुम्ही तिथेच, गुडघ्यावर वही ठेवून लिहिलेत. साडेदहा फुटांतून ट्रॉली सहज जाते.

सर्वांत अवघड भाग आबांच्या बहिणींचा होता, आणि इथे मी तुमच्यावर मनातून चिडलो होतो, ते आज कबूल करतो. आबांच्या सातबाऱ्यावर तिघी बहिणींची नावे आहेत, एक धुळ्याला, एक शहाद्याला आणि एक सुरतेला. कसणारे आबाच, त्यांचीच सही पुरे, असे सगळे म्हणत होते. सहमालकांपैकी एकाला इतरांच्या संमतीवाचून सामाईक जमिनीवर असा हक्क देता येत नाही, हे सुविधाधिकार कायद्याच्या कलम ८ खालचे उदाहरण दाखवून तुम्ही काम तिथेच थांबवलेत. सुरतेच्या आक्का अमळनेरला गाडीतून उतरून एस. टी.ने चोपड्याला आल्या, आणि सही करण्याआधी त्यांनी पूर्ण दस्त तुमच्याकडून वाचून घेतला. वडिलांच्या पश्चात या शेताबद्दल आपल्याला कोणी काही विचारण्याची ही पहिलीच वेळ, असे त्या जाताना म्हणाल्या. सोसायटीच्या कर्जाच्या बोजासाठी लेखी संमती आणायला लावलीत तेव्हाही मी कुरकुरलो होतो. त्याचीही माफी असावी.

मुद्रांकाचा अंदाज न बांधता आधी अभिनिर्णय करून घेणे, म्हणजे शुल्क किती ते मुद्रांक अधिकाऱ्याकडूनच ठरवून घेणे, सह्यांपासून चार महिन्यांच्या आत दस्त दाखल करणे, ही कामे तुमच्या रोजच्या सवयीची असल्यामुळे आम्हाला जाणवलीही नाहीत. दस्त नोंदला गेल्यावर आम्ही निश्चिंत झालो होतो, पण आठव्या दिवशी तुमचाच फोन आला की फेरफाराचा, म्हणजे सातबाऱ्यावर नोंद बदलण्याचा, अर्ज दिला का. पंधरा दिवसांच्या नोटिशीत कोणाची हरकत आली नाही, आणि आता दोन्ही गटांच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत पश्चिमेची वहिवाट आणि पाइपलाइन, दोन्ही लागलेली आहेत.

गेल्या महिन्यात पहिली कटाई झाली. ट्रॉली भरून पश्चिमेच्या बांधाने निघाली तेव्हा आबा निंबाखाली उभे राहून ड्रायव्हरला हाताने दिशा दाखवत होते. आबांचा गोठाही उभा राहिला असून त्याच्या वास्तूला तुम्ही यावे असा त्यांचा निरोप आहे. मी येत्या बाजाराच्या दिवशी येतो. १९७१च्या नकलेची तुमच्या अक्षरातल्या खुणांची ती झेरॉक्स अजून माझ्याकडेच राहिली आहे, ती आणि केळीचा एक घड घेऊन येईन. घड परत पाठवू नये.

आपला नम्र,
पश्चिमेच्या बांधावरचा शेतकरी
तालुका चोपडा, जिल्हा जळगाव