घरसभेतील काकूंना आणि सर्व बंधुभगिनींना

आदरणीय काकू आणि बुधवारच्या घरसभेतील सर्व बंधुभगिनींनो,

सप्रेम सलाम.

धाकट्या भावाच्या मृत्यूनंतर, ज्या ख्रिस्ती विश्वासात मी लहानाची मोठी झाले त्याविषयीच माझ्या मनात प्रश्न उभे राहिले आणि ते बोलून दाखवल्यावर इतरत्र मला 'विश्वास कमी पडतो, प्रार्थना वाढव' एवढेच ऐकावे लागले. आपण मात्र ते प्रश्न शेवटपर्यंत ऐकून घेतलेत, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

सभेत एकेकाने मोठ्याने प्रार्थना करण्याची आपली रीत आहे. माझ्या तोंडून शब्द फुटत नाही हे काकूंनी ओळखले होते. माझ्यापर्यंत क्रम आला की त्या 'उपासना संगीत' हे गीतांचे पुस्तक उघडून गीताचा क्रमांक सांगत, सगळे गाऊ लागत आणि माझे गप्प राहणे कुणाच्या लक्षातही येत नसे. प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभू येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, रविवारी मी बाकावरच बसून राहिले, तेव्हाही आपल्यापैकी कुणी कारण विचारले नाही.

पुढे बायबलमधील स्तोत्रसंहितेतील ८८ वे स्तोत्र आपण माझ्यासाठी वाचायला घेतलेत. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात, हे मात्र अंधारातच संपते. त्याला लगेच सांत्वनाचे एखादे वचन न जोडता आपण तेथेच थांबलात, याचे मोल मला फार वाटते. पंडिता रमाबाईंविषयीही आपणच सांगितलेत, की १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्यांनी त्रैक्याविषयीच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीविषयीच्या, आपल्या शंका तेथील मठातील भगिनींना पत्रांतून निर्भीडपणे कळवल्या आणि स्वतःची विवेकबुद्धी कुणाकडे गहाण टाकली नाही. येशूचा शिष्य थोमा याच्याबद्दल आपण जे दाखवून दिलेत, ते तर मी कोणत्याही उपदेशात ऐकले नव्हते. इतर शिष्यांनी मरणातून उठलेल्या प्रभूला पाहिले होते आणि हा मानायला तयार नव्हता. तरी आठ दिवसांनी तो त्यांच्याबरोबर आतच होता, म्हणजे त्यांनी त्याला दूर केले नव्हते.

पुनरुत्थानाविषयीचा माझा प्रश्न अजून सुटलेला नाही आणि तो सुटलाच पाहिजे असा आग्रह आपणही धरलेला नाही. भावाचे नाव मी आता आपल्यासमोर न अडखळता घेऊ शकते, हे आपल्यामुळे घडले आहे. त्याबद्दल आपणा सर्वांची मी अंतःकरणापासून ऋणी आहे. पुढच्या महिन्यातील एका बुधवारी सभा आमच्या घरी घ्यावी, अशी आईची आणि माझी विनंती आहे.

आपली कृतज्ञ,
घरसभेतील एक भगिनी